सुगंधी पातेले आणि वैद्याचा शब्द

घरात प्रसन्न सुगंध दरवळावा म्हणून मंद आचेवर पाण्यात सुगंधी द्रव्ये उकळत ठेवण्याची रीत अलीकडे आपल्याकडील घरांतूनही दिसू लागली आहे. संत्र्याची साल, दालचिनीचे दोन तुकडे, चार-सहा लवंगा, वेलचीची टरफले, गवती चहाची पाती अशी द्रव्ये पातेल्यात घालावयाची, पाणी आटू लागले की पुन्हा ओतावयाचे आणि तासभर ती वाफ घरभर पसरू द्यावयाची, एवढाच हा प्रकार आहे. पाश्चात्त्य देशांत हिवाळ्यात, विशेषतः नाताळच्या सुमारास, तो हौसेने केला जातो. सुगंधी पाकळ्या व मसाल्यांच्या मिश्रणास तेथे ‘पोपुरी’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘कुजलेले भांडे’ असा असून, पाकळ्या मिठात मुरवून बरणीत ठेवण्याच्या जुन्या पद्धतीशी तो जुळतो. पाण्यात उकळण्याची रीत ही त्या बरणीचीच शेगडीवरील धाकटी बहीण होय.

या रीतीविषयी दोन शब्द लिहिण्याचे कारण असे की, तिच्याबद्दलचे प्रश्न आता थेट आपल्याकडे येतात. चिकित्सालयात रुग्ण विचारतो, “वैद्यराज, यात काय घालावे?” काष्ठौषधींच्या दुकानात गिऱ्हाईक विचारते, “याची तयार पुडी मिळेल का?” प्रश्न निरुपद्रवी आहे. परंतु आपल्यापैकी काहींकडून त्यास जे उत्तर मिळते, ते मात्र चिंताजनक आहे. “याने घरातील हवा निर्जंतुक होते”, “हे शास्त्रोक्त धूपनच आहे, फक्त धूर नाही”, “दम्याच्या रुग्णाच्या खोलीत रोज ठेवा” अशी विधाने सहज केली जातात. एका पुडीवर तर ‘धूपनाचा आधुनिक पर्याय’ असे छापलेले प्रस्तुत लेखकाने स्वतः वाचले आहे. सुगंधी पातेले ही चांगली गोष्ट आहे आणि तिचा प्रसार आपण अवश्य करावा. मात्र तिला औषधाचे नाव देऊ नये, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

शास्त्रातील सुगंधाचे स्थान

सुगंधाविषयी आपले ग्रंथ उदासीन नाहीत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दिनचर्या सांगताना गंध व माला धारण करण्याचे फल स्वतंत्रपणे वर्णिले आहे. सौगंध्य, सौमनस्य, आयुष्य, पुष्टी व बल ही त्यातील प्रमुख फले होत. त्या ठिकाणी कोणत्याही व्याधीच्या नाशाचा उल्लेख नाही. सुगंध हा स्वस्थवृत्ताचा विषय म्हणून तेथे आला आहे आणि मनाची प्रसन्नता हेच त्याचे प्रधान प्रयोजन आहे. हे प्रयोजन कमी प्रतीचे मानण्याचे काहीच कारण नाही. दिवसभर कामाने शिणलेला मनुष्य घरी परततो आणि दारातच वाळ्याचा किंवा दालचिनीचा गंध त्यास भेटतो, हे सुख स्वस्थाच्या रक्षणात मोडते.

धूपनाचे प्रकरण निराळे आहे. सुश्रुताचार्यांनी व्रणितोपासनीय अध्यायात सर्षप, निंबपत्र, घृत व सैंधव यांचे धूपन दिवसातून दोन वेळा, दहा दिवसपर्यंत करण्यास सांगितले आहे. शस्त्रकर्मानंतरच्या रक्षाविधानात गुग्गुळ, अगुरू, राळ, वचा व गौरसर्षप यांचा धूप येतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकाची वस्त्रे व अंथरूण-पांघरूण धूपित करण्यासाठी यव, सर्षप, हिंग, गुग्गुळ, वचा आदी द्रव्ये घृतासह सांगितली आहेत. काश्यपसंहितेत तर धूपकल्प हा स्वतंत्र अध्यायच आहे. या सर्व ठिकाणी द्रव्य निश्चित आहे, स्थान निश्चित आहे, अवस्था निश्चित आहे आणि साधन अग्नी आहे. राळयुक्त द्रव्ये निखाऱ्यावर तापली म्हणजे त्यांचा धूर होतो. पाण्यात उकळली असता त्यांचा फार थोडा उडनशील अंश वाफेबरोबर जातो व उरलेली राळ पातेल्याच्या तळाशी चिकटून बसते. तेव्हा संत्र्याच्या सालीच्या वाफेस धूपन म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. आणि ज्याला आपण धूपन म्हणतो त्याच्या उपयोगाविषयी उद्या कोणी गंभीर प्रश्न विचारला, तर अशा सैल वापरामुळे आपलीच बाजू दुर्बल झालेली आढळेल.

गंधशास्त्राच्या जुन्या ग्रंथकारांनीही हा विवेक पाळला होता. गंगाधरकृत ‘गंधसार’ या ग्रंथात सुगंधी द्रव्यांवरील सहा कर्मे सांगितली आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. पाचन आणि धूपन ही दोन वेगळी कर्मे म्हणून तेथे मोजली आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक कै. प. कृ. गोडे यांनी ‘गंधवाद’ या दुर्मिळ हस्तलिखिताचा व त्यावरील मराठी टीकेचा अभ्यास १९४५ साली प्रसिद्ध केला. ती टीका सामान्यतः इ. स. १३५० ते १५५० या काळातील असावी, असे त्यांचे मत होते. म्हणजे गंधनिर्मितीची चर्चा मराठी भाषेत काही शतके चालू आहे. त्याहीपूर्वी सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’तील गंधयुक्तीच्या अध्यायात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० योग होतात, हे गणित मांडले. एवढी समृद्ध परंपरा पाठीशी असताना केवळ सुगंधासाठी केलेल्या कृतीस औषधाचा मुखवटा चढविण्याची गरजच काय?

पातेल्यात नेमके काय घडते

या बाबतीत आपल्या भैषज्यकल्पनेचे ज्ञान उपयोगी पडते. सुगंधी द्रव्यांचा क्वाथ करू नये, त्यांचा हिम, फांट किंवा अर्क करावा, हे आपण विद्यार्थिदशेपासून शिकत आलो आहोत. कारण उघड आहे. क्वाथपात्राचे तोंड उघडे असते आणि उडनशील तैलांश वाफेबरोबर निघून जातो. औषध करताना जी आपली हानी होते, तीच या पातेल्याचे साध्य आहे. लवंगेतील युजेनॉल स्वतंत्रपणे उकळण्यास सुमारे २५४ अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि संत्र्याच्या सालीतील लिमोनीनला सुमारे १७६ अंश. तथापि पाण्यात न मिसळणारे तेल पाण्याबरोबर तापविले असता दोघांचे मिश्रण शंभर अंशांच्या आतच उकळते व तेल वाफेबरोबर वर येते. अर्कयंत्राचे तत्त्व हेच. येथे फक्त वाफ थंड करून धरून ठेवावयाची नसते.

एवढे ध्यानात आले म्हणजे कोणते द्रव्य घालावे आणि कोणते घालू नये, याचा निर्णय सुलभ होतो. दालचिनी, लवंग, वेलची, तमालपत्र, गवती चहा, संत्रे व लिंबाची साल, सुंठ ही द्रव्ये या कामी उत्तम. वाळा व नागरमोथा यांचा गंध सावकाश सुटतो. म्हणून त्यांचे बारीक तुकडे करून रात्रभर भिजत घालावे आणि त्याच पाण्यासह उकळावे. दवणा व मरवा शेवटी घालावेत, अन्यथा त्यांचा गंध शिजून निस्तेज होतो. मोगऱ्याच्या फुलांची कोवळीक उकळीत टिकत नाही. फुलांचे थर देऊन तीळ वासित करण्याची रीत पूर्वजांनी उगीच स्वीकारली नव्हती. चंदनाचे तेल जड असल्याने ते काढण्यास ऊर्ध्वपातनातही दीर्घकाळ लागतो. पातेल्यात तासभर उकळलेले चंदन हे द्रव्याचे व पैशांचे निव्वळ नुकसान आहे. जटामांसीविषयी तर स्पष्टच सांगितले पाहिजे. हिमालयातील ही वनस्पती अतिसंकटग्रस्त मानली जाते व तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टान्वये नियंत्रण आहे. जी औषधासाठीच पुरेशी मिळत नाही, ती दिवाणखाना सुगंधित करण्यासाठी विकणे कोणत्याही औषधनिर्मात्यास शोभणारे नाही.

कापूर मुळीच घालू नये. तो भराभर उडतो, बंद खोलीत त्याचे प्रमाण आपल्या हाती राहत नाही आणि लहान मुलांच्या पोटात गेल्यास आक्षेपक येण्याइतका तो तीव्र आहे. बाजारातील कृत्रिम सुगंधी तेलांचे थेंबही टाळावेत. त्यांतील घटक ग्राहकास ठाऊक नसतात आणि विक्रेत्यासही नसतात.

ऋतूचा विचार

पाश्चात्त्य घरांत हिवाळ्यात खोली तापविल्यामुळे हवा कोरडी पडते. तेथे ही वाफ सुगंधाबरोबर आर्द्रताही देते, म्हणून ती सुखकर वाटते. तीच कृती आषाढात रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या घरात केली तर भिंतींना बुरशी येण्यास साहाय्यच होईल. वाग्भटाचार्यांनी वर्षाऋतुचर्येत बाष्प, शीत व तुषार यांपासून मुक्त अशा जागी राहण्यास आणि धूपित वस्त्रे वापरण्यास सांगितले आहे. पावसाळ्यात वाफ नको आणि धूप हवा, असा अर्थ आपण त्यातून घेतल्यास तो अनुभवाशी सुसंगत ठरतो. म्हणून सुगंधी पातेल्याचा काळ हेमंत व शिशिर हा होय. याच सुमारास नागपुरी संत्री बाजारात येतात व दालचिनी-लवंगेचा उष्ण गंध हवासा वाटतो. ग्रीष्मात वाळा उकळण्याऐवजी तो माठात टाकावा, त्याचे पडदे भिजवावेत. तेथे हिमकल्पना अधिक योग्य. कोरड्या देशावरील घर आणि दमट कोकणातील घर यांत भेद करणे हे देश-काल जाणणाऱ्या वैद्याचे काम आहे. छापील पुडी हा भेद करू शकत नाही.

दाव्यांतील धोका

आता निर्जंतुकीकरणाच्या दाव्याकडे वळू. लवंगेचे व दालचिनीचे तेल जंतूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे, हे खरे. परंतु तेथे तेल संहत असते आणि काचपात्रातील जंतूंशी त्याचा निकट संबंध येतो. चार लवंगांचा अंश संपूर्ण घराच्या हवेत विरल्यावर तोच परिणाम होईल, असे मानण्यास आधार नाही. मात्रेचा विचार न करता गुणाचा निर्देश करणे हे आपल्या शास्त्राच्या प्रकृतीला धरून नाही.

श्वासाच्या रुग्णाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. उदबत्तीच्या धुरापेक्षा ही वाफ सौम्य असते, कारण तीत जळणाचे सूक्ष्म कण नसतात. परंतु तीव्र गंध हा काही रुग्णांत स्वतःच वेगास कारणीभूत होतो. लिमोनीनसारखे घटक हवेतील ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइडसारखे क्षोभक पदार्थ निर्माण करतात. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो वेगळाच. दारे-खिडक्या बंद करून “गंध टिकावा” म्हणून तासन्तास ज्योत चालू ठेवणे श्वासरुग्णास अपायकारक ठरू शकते. वैद्यानेच शिफारस केल्यावर तो रुग्ण खिडकी उघडण्यास धजावत नाही, त्रास झाला तरी गुण येत असल्याची वाट पाहतो. आपल्या शब्दाचे वजन हे असे असते.

ही वाफ म्हणजे स्वेदनही नव्हे. चरकाचार्यांनी नाडीस्वेदात नळीस दोन-तीन वळणे देण्यास सांगितले आहे, ते वाफेचा प्रखर वेग मोडावा व त्वचा भाजू नये म्हणून. एवढी काळजी वाहणाऱ्या परंपरेचे आपण वारसदार आहोत. २०२० च्या कोविड साथीत घरोघरी वाफ घेण्याचा प्रघात वाढला आणि गरम पाणी अंगावर सांडून मुले भाजल्याची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत आली. उकळते पातेले घरात तासभर ठेवण्यास सांगताना “लहान मूल घरात आहे काय?” हा प्रश्न आपण प्रथम विचारला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. गंधाने दुर्गंधाचे कारण नाहीसे होत नाही. तुंबलेली मोरी, ओलावलेली भिंत, सडलेले धान्य यांवर दालचिनीची वाफ हे उत्तर असू शकत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात गंध नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हा दुर्गंधी पदार्थ मुद्दाम मिसळतात. पाणी उतू जाऊन ज्योत विझली आणि घर लवंगेच्या वासाने भरलेले असले, तर ती सूचना वेळीच कळणार नाही. रुग्णाच्या खोलीबाबतही हेच. चरकाचार्यांनी रसनेखेरीज सर्व इंद्रियांनी रुग्णाची परीक्षा सांगितली आहे. रुग्णाच्या शरीराचा गंध हे त्या परीक्षेतील एक प्रमाण आहे. वैद्य घरी येण्यापूर्वी खोली सुगंधाने भरून टाकणे म्हणजे ते प्रमाण पुसणे होय.

व्यावसायिकांस विनंती

काही व्यवसायबंधू म्हणतात, “दावा छापला नाही तर पुडी खपत नाही. शेजारचा छापतो, आपणच का मागे राहावे?” ही अडचण खोटी नाही. दुकान चालवावयाचे तर मालाला उठाव हवा. परंतु पुडीवर रोगनिवारणाचा शब्द छापला की ती पुडी आपल्याच हाताने आपण औषधाच्या वर्गात नेतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार रोगाचे निवारण वा प्रतिबंध यासाठी योजलेली वस्तू हे औषध ठरते. मग परवाना, प्रमाणित ग्रंथातील पाठ आणि निर्मितीचे सर्व नियम आले. १९५४ च्या जादूटोणाविषयक उपाय व आक्षेपार्ह जाहिराती कायद्यान्वये औषधाविषयी दिशाभूल करणारी जाहिरात हा गुन्हा आहे. कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी व्यवहार म्हणूनही हा तोट्याचा सौदा आहे. ज्या दुकानाच्या पुडीने हवा निर्जंतुक झाली नाही, त्या दुकानाच्या सितोपलादी चूर्णावर ग्राहकाने विश्वास का ठेवावा?

याउलट, जे मोठ्या कंपन्यांच्या फवाऱ्यांना देता येणार नाही, ते आपल्याजवळ आहे आणि ते म्हणजे द्रव्याची ओळख. खरी दालचिनी पातळ, अनेकपदरी व सहज मोडणारी असते. बाजारात तिच्या नावाने मिळणारी जाड, कठीण साल बहुधा चिनी दालचिनीची असते. तेल काढून घेतलेली लवंग नखाने दाबली असता तेल सोडत नाही. जुना वाळा व नवा वाळा नाकाला ओळखू येतो. ही ओळख ग्राहकाला शिकविणारा दुकानदार त्याला कायमचा जोडून घेतो. निवडीत बाजूला काढलेले दालचिनीचे तुकडे, वेलचीची टरफले, वाळ्याची बारीक मुळे असा स्वच्छ, कोरडा माल ‘घरगुती सुगंधासाठी’ या नावाने, घटक, वजन, किंमत व पॅकिंगचा महिना नमूद करून विकता येईल. त्यावर ‘पिण्यासाठी नाही’ हे मोठ्या अक्षरांत असावे. पातेल्यात उरलेले पाणी हा काढा आहे, अशा समजुतीने ते पिणारे लोक असतात. बाजारातील संत्र्यांच्या सालींवर बुरशीनाशके व मेणाचा थर असू शकतो, हे त्यांना ठाऊक नसते.

पुडीसोबत द्यावयाची कृतीही थोडक्यात सांगतो. एक लिटर पाणी जाड बुडाच्या, रुंद तोंडाच्या भांड्यात घ्यावे. कोमट पाण्याने चोळून धुतलेली दोन संत्र्यांची साल, पाच ग्रॅम दालचिनी, सहा-सात लवंगा, दोन तमालपत्रे व मूठभर वेलचीची टरफले त्यात घालावीत. झाकण ठेवून उकळी आणावी, मग झाकण काढून आच अगदी मंद करावी. एक खिडकी उघडी असावी. अर्धा तास पुरेसा होतो. त्यानंतर ज्योत बंद करून भांडे तसेच ठेवले तरी बराच वेळ गंध येत राहतो. पाणी निम्म्यावर येण्यापूर्वी गरम पाण्याची भर घालावी. घरातील माणूस स्वयंपाकघराबाहेर जाणार असेल तर ज्योत बंद करूनच जावे. तान्हे बालक, श्वासाचा रुग्ण किंवा गंधाने मळमळणारी गर्भिणी घरात असल्यास हा प्रयोग करू नये.

सुज्ञ वैद्यांस एवढेच विनविणे आहे की, रुग्णाने या पातेल्याविषयी विचारले तर त्याला आनंदाने कृती सांगावी, ऋतू सांगावा, घरात कोण कोण आहे ते विचारावे. “याने कोणता रोग जातो?” असे त्याने विचारल्यास “रोग जात नाही, घराला छान वास येतो” असे निःसंकोच उत्तर द्यावे. उद्या खरोखर औषधाची वेळ आली असता तोच रुग्ण आपला शब्द प्रमाण मानील.